घरच्या मीडिया सर्व्हरसाठी कॅबिनेट: आठ-दहा हार्ड डिस्क मावल्या पाहिजेत आणि थंडही राहिल्या पाहिजेत

मीडिया सर्व्हर म्हणजे घरातले फोटो, व्हिडिओ, गाणी एका जागी साठवणारा कॉम्प्युटर, आणि कॅबिनेट म्हणजे त्याचा बाहेरचा पत्र्याचा डबा. कॅबिनेटच्या खोक्यावर छापलेला हार्ड डिस्कचा आकडा वेगळा आणि त्यात उन्हाळाभर बिनतक्रार चालणाऱ्या डिस्कचा आकडा वेगळा. पहिला कंपनी देते. दुसरा आपला आपण काढायचा असतो, आणि तो बेळगावात एक निघतो, अथणीत दुसराच. तो कसा काढायचा आणि त्यावरून कॅबिनेट कसं ठरवायचं, ते इथे क्रमाने लिहितो.

माझा कल आधीच सांगून टाकतो. कॅबिनेट दोन गोष्टींवर निवडावं: प्रत्येक डिस्कच्या अंगावरून वारा जातो का, आणि बाकीच्यांना धक्का न लावता एकटी डिस्क बाहेर काढता येते का. बाजूची काच, रंगीत दिवे, समोरचा चकचकीत दरवाजा हे सगळं त्यानंतर. दरवाजा तर शक्यतो नकोच.

आधी साठा मोजा

दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या. आपल्याकडच्या घरात साठवायचं काय असतं? लग्नाच्या आणि मुंजीच्या जुन्या कॅसेट, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं चित्रीकरण, आजोबांच्या भजनीमंडळाच्या ऑडिओ कॅसेट, गणपतीतले फोटो, आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये अडकून पडलेले व्हिडिओ.

यातलं जुनं सामान वाटतं तेवढी जागा खात नाही. मिनी-डीव्ही टेप जशीच्या तशी उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. म्हणजे ६० तासांचं चित्रीकरण ८०० जीबीच्या आत बसतं. ऑडिओ कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली तर मिनिटाला १० एमबी, आणि फ्लॅकमध्ये दाबून ठेवली तर साधारण त्याच्या निम्मं. पेटीभर कॅसेट एका जुन्या छोट्या डिस्कवर मावतात.

जागा खातं ते नवं सामान. फोनवर फोर-केमध्ये घेतलेला व्हिडिओ मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या घरात जाऊ शकतो, म्हणजे तासाला वीस जीबीच्या वर. लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणाऱ्यांचं गणित तर वेगळंच. सेकंदाला १०० मेगाबिटवर चालणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी लिहितो. दोन कॅमेरे आठ तास फिरले की एका लग्नाचे ७२० जीबी झाले. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की पुढे काय होतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

आजचा साठा मोजा आणि त्याची दुप्पट धरा. त्यावर बिघाड सोसण्यासाठी पॅरिटीची (गेलेल्या डिस्कवरचं सामान पुन्हा उभं करता येईल असा हिशेब ठेवणारी) एक डिस्क धरा, डिस्क सहाच्या वर गेल्या तर दोन. त्यावर एक बे, म्हणजे डिस्क बसवायचा खण, रिकामा ठेवा. हा रिकामा बे म्हणजे चैन नव्हे. एखादी डिस्क कुरकुरायला लागली की नवी तिथे लावून सामान हलवता येतं, जुनी उपसून टेबलावर मांडत बसावं लागत नाही. खोक्यावर ८ टीबी लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, तेही हिशेबात धरा.

घरगुती वापराला बहुतेकांचा हिशेब चार-पाच डिस्कवर थांबतो. थांबत असेल तर थांबू द्या. आठ बेचं कॅबिनेट घेतलं म्हणून आठ डिस्क भरायच्याच असं नसतं. कमी आणि मोठ्या डिस्क घेतल्या तर बे वाचतात, वीज वाचते, आवाजही कमी होतो. नुसती फिरत बसलेली ३.५ इंची डिस्क पाचेक वॉट खाते. आठ डिस्कचे ४० वॉट, चोवीस तास, तीस दिवस: महिन्याला जवळपास २९ युनिट, तेही काहीच न करता.

डिस्क घेताना ती सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी), हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. एसएमआर डिस्कवर एकदा लिहून पुढे नुसतं वाचायचं असेल तर चालतं. पण पॅरिटीचा गट नव्याने बांधायची वेळ आली की ती फार रखडते.

बे किती प्रकारचे, आणि कोणता कामाचा

मापं पाठ असली की विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबावं लागत नाही. ३.५ इंची डिस्क १०१.६ मिमी रुंद, १४७ मिमी लांब आणि २६.१ मिमी जाड असते. २.५ इंची एसएसडी साधारण ७० मिमी रुंद आणि बहुधा ७ मिमी जाड. बऱ्याच नव्या कॅबिनेटच्या जाहिरातीत ‘६ ड्राइव्ह बे’ असतात, पण त्यातले चार एसएसडीचे असतात आणि मोठ्या डिस्कसाठी दोनच. त्यामुळे ‘३.५ इंची किती?’ एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं.

दुसरी मेख ट्रेची. मोठ्या कॅबिनेटमध्ये जागा बारा-चौदा डिस्कची असते, पण सोबत ट्रे सहाच येतात. बाकीचे वेगळे विकत घ्यायचे. आपल्या भागात ते सहजी मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि दोन-तीन वर्षांनी ते मॉडेल बंद झालं की मिळणंच मुश्किल. ट्रे वेगळे घ्यायचेच असतील तर कॅबिनेटबरोबरच घेऊन टाका.

तिसरी मेख भोकांची. जुन्या डिस्कला दोन्ही बाजूंना तीन-तीन स्क्रूची भोकं असायची. मोठ्या क्षमतेच्या पुष्कळ नव्या डिस्कमध्ये मधलं भोक नाही, आणि बुडाच्या भोकांमधलं अंतरही बदललंय: पूर्वी ४४.४५ मिमी असायचं, आता ७६.२ मिमी. जुन्या साच्याच्या ट्रेमध्ये अशी डिस्क दोनच स्क्रूवर लटकते. बाजूची टोकाची दोन भोकं मात्र १०१.६ मिमी अंतरावर कायम आहेत, त्यामुळे बाजूने कसणारा ट्रे कधीही बरा.

आता ५.२५ इंची बे, म्हणजे पूर्वी सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह बसायचे ते रुंद खण. नव्या कॅबिनेटमधून ते जवळपास गेलेच, पण साठ्यासाठी त्यांच्यासारखी सोय नाही. एक खण १४६ मिमी रुंद आणि ४१.३ मिमी उंच असतो. असे तीन खण एकावर एक आले की १२४ मिमी उंचीची चौकोनी जागा मिळते. तिच्यात बसणारे तयार पिंजरे मिळतात. चार डिस्कच्या पिंजऱ्यात डिस्क आडव्या बसतात. प्रत्येकीला ३१ मिमी मिळतात आणि दोघींमध्ये जवळपास पाच मिमी फट राहते. पाच डिस्कच्या पिंजऱ्यात त्या उभ्या बसतात आणि फट राहते जेमतेम तीन मिमी. त्या फटीतून वारा ढकलायला मागे छोटा, वेगाने फिरणारा पंखा लावलेला असतो आणि तो रात्रभर भुणभुणतो. मी पाचचा पिंजरा कुणाला सुचवत नाही. चारचा घ्या, समोर १२० मिमीचा पंखा येतो, आवाज नाही आणि डिस्कही गार.

वारा: इथे घाई नको

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे एप्रिल-मेमध्येही रात्री खोली निवते. अथणी-रायबागकडे तसं नाही. तिकडे पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात रात्रीही गरम वाफ असते. एकच कॅबिनेट खानापुरात झकास चालेल आणि अथणीत डिस्क भाजून काढेल, असं होतं ते यामुळे.

ढोबळ हिशेब असा: वारा नीट असेल तर डिस्कचं तापमान खोलीपेक्षा दहाएक अंश वर राहतं. वारा नसेल तर वीस अंशही वर जातं. कंपन्या डिस्कसाठी ६० अंश किंवा थोडी जास्त मर्यादा देतात, पण मर्यादेला चिकटून राहण्यात अर्थ नाही. २००७ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी त्यांच्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचं नातं समजलं जातं तेवढं घट्ट नाही, असं त्यात दिसलं, पण जास्त तापणाऱ्या जुन्या डिस्कमध्ये बिघाड वाढलेला होताच. घरच्या डिस्क आपण पाच-सहा वर्षं वापरतो, म्हणजे त्या जुन्या होणारच. म्हणून माझा नियम: ४५ पर्यंत चिंता नाही, ५० दिसले की काहीतरी करा.

कॅबिनेट बघताना समोरचा भाग जाळीचा आहे का ते बघा. काचेचा किंवा बंद प्लास्टिकचा असेल आणि वारा फक्त कडेच्या चिरेतून येत असेल, तर सोडून द्या. मग पंखा आणि डिस्क यांच्यामध्ये काय येतं ते बघा. काही कॅबिनेटमध्ये डिस्कचा पिंजरा पंख्यासमोर असतो खरा, पण त्याची पंख्याकडची बाजू सलग पत्र्याची असते. मग वारा पिंजऱ्याला वळसा घालून निघून जातो. मोबाइलचा टॉर्च समोरच्या जाळीवर धरा आणि पिंजऱ्याच्या मागून बघा. डिस्कच्या फटींतून उजेड दिसला तर वाराही येईल.

घरी आणल्यावर उदबत्तीची चाचणी करा. कॅबिनेटची झाकणं लावून यंत्र सुरू करा आणि समोरच्या जाळीपासून चार बोटांवर उदबत्ती धरा. धूर सरळ रेषेत आत ओढला गेला पाहिजे. मग ती मागच्या बाजूच्या फटींशी, बंद न केलेल्या पट्ट्यांशी न्या. तिथे धूर बाहेर ढकलला जात असेल तर आतला दाब बाहेरपेक्षा जास्त आहे, म्हणजे धूळ फिल्टरमधूनच येणार, फटींतून नाही. तिथेही धूर आत जात असेल तर मागचा पंखा कमी वेगाने फिरवा किंवा समोर आणखी एक लावा. चाचणी अर्ध्या मिनिटात उरका, धुरी घालायची नाहीये.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. मदरबोर्ड पंख्याचा वेग बहुधा प्रोसेसरच्या तापमानावरून ठरवतो. मीडिया सर्व्हरचा प्रोसेसर दिवसभर रिकामा असतो, म्हणून पंखे सुस्तावतात आणि तिकडे आठ डिस्क तापत बसतात. बायोसमध्ये जाऊन डिस्कसमोरचे पंखे एका ठरावीक वेगावर बांधून टाका. १२० किंवा १४० मिमीचा पंखा मिनिटाला आठशे ते हजार फेऱ्यांवर ठेवला तर पुरतो, ऐकूही येत नाही.

नवं घ्यायचं तर

फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ८०४ या कामासाठी मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्याचे दोन कप्पे शेजारी-शेजारी असतात: एकात मदरबोर्ड, दुसऱ्यात एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि वरून टांगलेले डिस्कचे दोन पिंजरे. त्यात आठ डिस्क, आणि मदरबोर्डच्या कप्प्यात तळाशी आणखी दोन. मायक्रो-एटीएक्स हा मध्यम मापाचा बोर्ड आणि नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस बसतो. उंची जेमतेम ३०७ मिमी, त्यामुळे टीव्हीखालच्या कपाटात जायचा मोह होतो. तो मोह आवरा, कपाट बंद असेल तर तिथे वाराच नाही. एक उणीव: डिस्क काढायची तर पिंजरा सोडवून बाहेर घ्यावा लागतो.

त्याचंच धाकटं नोड ३०४ सहा डिस्कचं आहे, पण त्यात मिनी-आयटीएक्स हा लहान बोर्डच बसतो. असा बोर्ड आपल्याकडे महाग, आणि त्यावर कार्डासाठी खाच एकच. जॉन्सबोचं एन३ आठ डिस्कचं आहे. डिस्क समोरून आत सरकवायच्या, मागे पट्टीवर आपोआप जोडल्या जातात. हाताला याहून सोपं काही नाही. पण तेही मिनी-आयटीएक्स आणि त्याला एसएफएक्स हा लहान एसएमपीएस लागतो. तो बिघडला तर बेळगावच्या दुकानात त्याच दिवशी दुसरा मिळेल याची खात्री नाही. माझ्या मते हीच मोठी अडचण आहे. जे सामान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही ते घरच्या चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात नको.

उभ्या कॅबिनेटमध्ये अँटेकचं पी१०१ सायलेंट आठ डिस्कचं आहे आणि समोर तीन पंखे घेऊनच येतं. फ्रॅक्टलचं डिफाइन ७ चौदापर्यंत जातं आणि त्याचं एक्सएल रूप अठरापर्यंत. पण वर सांगितलं तसं, सगळे ट्रे सोबत येत नाहीत. फोटो-व्हिडिओच्या धंद्यातल्यांनी ही मोठी बघावीत, बाकीच्यांनी नाही.

मागवायचं कुठून? बेळगावातल्या दुकानांत बहुधा गेमिंगची काचेची कॅबिनेट दिसतात. दुकानदाराला मॉडेलचं नाव लिहून दिलं तर तो आणून देतो. बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे जुने बाजार आहेतच. कुरिअरने मागवलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, कारण मोठ्या कॅबिनेटचा पत्रा वाटेत दबतो आणि दबलेल्या पिंजऱ्यात डिस्क तिरकी बसते. कॅबिनेटमध्ये डिस्क बसवून ते कुरिअरने किंवा बसने कधीच पाठवू नका. आठ डिस्कचंच वजन पाच किलोच्या वर असतं.

जुनं कॅबिनेट आणि उद्यमबाग

दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एटीएक्स टॉवर कॅबिनेट जुन्या कॉम्प्युटरवाल्यांकडे धूळ खात पडलेली असतात. ज्यांना सायबर कॅफे आठवतो त्यांना ती आठवतील. त्यांत चार ते सहा रुंद खण आणि खाली पाच-सहा डिस्कचा पिंजरा असायचा. अशा एका कॅबिनेटमध्ये वरच्या तीन खणांत चारचा पिंजरा आणि खाली चार डिस्क अशा आठ सहज होतात, आणि खर्च नव्याच्या तुलनेत अगदीच किरकोळ. घेताना आत हात घालून बघा. रुंद खणांच्या आतल्या कडेला पत्र्याच्या छोट्या जिभा बाहेर आलेल्या असतात, प्रत्येक खणासाठी एक. पिंजरा त्यांना अडतो. पकडीने त्या सपाट कराव्या लागतात. पत्रा जाड असेल तर घामटा निघतो, पण काम दहा मिनिटांचंच असतं.

जुन्या कॅबिनेटबरोबर आलेला जुना एसएमपीएस मात्र वापरू नका. आणि ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डबे टाळा. त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस पुष्कळदा त्यांच्याच घडणीचे असतात. दुसऱ्या कॅबिनेटमध्ये बसत नाहीत, जोडणीही वेगळी.

बेळगावकरांना आणखी एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या मित्रांना हेवा वाटावा अशी: उद्यमबाग. पत्रा कापणारे, वाकवणारे, पावडर कोटिंग करणारे सगळे एका फेरीत भेटतात. डिस्कचा पिंजरा हे त्यांच्यासाठी काहीच काम नाही. फक्त माप लिहून न्या. मी एकदा असा पिंजरा करून घेतला तेव्हा कारागिराने कागद हातात घेतला, डिस्क उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाला,

“कितीचा पत्रा घालायचा? अठरा गेज?”

“जड नाही होणार काका?”

“होणार की. मग वीस घालूया. कडा दुमडून देतो, म्हणजे हात कापत नाही आणि वाजतही नाही.”

कडा दुमडण्याची गोष्ट माझ्या कागदावर नव्हती, आणि पिंजऱ्याचा सगळा ताठपणा त्या दुमडीतूनच आला. वीस गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी. बाजारातल्या स्वस्त कॅबिनेटचा पत्रा त्याहून बराच पातळ असतो.

मापं अशी द्या: दोन उभे पत्रे, त्यांच्यामध्ये आतून १०३ मिमी जागा. डिस्क १०१.६ रुंद आहे, उरलेल्या जागेत रबरी वॉशर बसतील तेवढी सैल ठेवा आणि वॉशरची जाडी बघून हे माप वाढवा. दोन डिस्कच्या मध्यांमध्ये ४० मिमी अंतर, म्हणजे फट चौदा मिमीची होते. बाजूची भोकं डिस्कच्या बुडापासून ६.३५ मिमी उंचीवर आणि एकमेकांपासून १०१.६ मिमी अंतरावर. गोल भोकाऐवजी आडवी लांबट खाच सांगा, माप मिमीभर चुकलं तरी डिस्क बसते. पिंजऱ्याच्या समोर १२० मिमीच्या पंख्याची भोकं १०५ मिमी अंतरावर. मोठ्या डिस्कला जाड आट्यांचे ६-३२ स्क्रू लागतात, एसएसडीला बारीक एम३. अदलाबदल केली तर आटे जातात, आणि डिस्कमध्ये गरजेपेक्षा लांब स्क्रू पिळला तर डिस्कही जाते.

वीज

कागदावर आठ डिस्क काम करताना पन्नास-साठ वॉटच्या असतात, पण सुरू होताना प्रत्येक डिस्क काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढते. आठ डिस्कचे झाले जवळपास १९० वॉट, तेही एकदम. म्हणून चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या आणि त्याला साटा पॉवरची (डिस्कला वीज देणारी) टोकं किती आहेत ती आधी मोजा.

टोकं कमी पडली की लोक जुन्या मोलेक्सवरून साटा करणारी स्वस्त वायर लावतात. त्यातली एकसंध प्लास्टिक ओतून बनवलेली टोकं आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात. डिस्कसकट. घ्यावीच लागली तर वायर टोकात दाबून बसवलेली आणि मागचं झाकण उघडता येणारी घ्या. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या वायर दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. खाच तीच दिसते, आतली मांडणी वेगळी असते, आणि एका क्षणात सगळ्या डिस्क जातात.

एक्स्टर्नल डिस्कचं कवच फोडून आतली डिस्क लावली आणि ती फिरेचना, तर घाबरू नका. काही डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहते, अशी रचना असते. त्या पिनवर उष्णता सोसणारी पिवळी कॅप्टॉन टेप चिकटवली की ती चालू होते.

घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर पुष्कळ चांगले एसएमपीएस त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात. शुद्ध साइन लहरीचा असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाऊन इन्व्हर्टर येईपर्यंतच्या झटक्यात यंत्र बंद होतं. याहून बरा उपाय म्हणजे यूएसबीची जोडणी असलेला छोटा यूपीएस. ओपनमीडियाव्हॉल्ट आणि ट्रूनॅस ही सर्व्हर चालवणारी दोन्ही सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलू शकतात: बॅटरी उतरायला लागली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे वीज कशी ये-जा करते ते तिकडच्यांना ठाऊकच आहे. तिथे हा खर्च कॅबिनेटच्याही आधी करा.

साटाची दारं

साध्या बोर्डवर चार ते सहा साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची डेटा वायर लावायच्या जागा, असतात. त्यापुढे कार्ड लागतं. पाच-सहा डिस्कसाठी एएसएम११६६ चिपचं कार्ड पुरतं. आठसाठी जुनी सर्व्हरची एलएसआय कार्डं मिळतात, ९२०७-८आय सारखी. ती आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्कचा स्वतः गट न बांधता प्रत्येक डिस्क सुटी दाखवणाऱ्या मोडमध्ये, आहेत का ते विक्रेत्याला विचारा. ही कार्डं सर्व्हरच्या सोसाट्याच्या वाऱ्यासाठी बनलेली असतात आणि घरच्या शांत कॅबिनेटमध्ये चटका बसेल इतकी तापतात. त्यांच्या हीटसिंकवर एक छोटा पंखा बांधा. म्हणजे कॅबिनेट निवडताना कार्डासाठी खाच आणि तिच्याजवळ पंख्याला जागा, दोन्ही हवं. मिनी-आयटीएक्सवर माझा राग आहे तो यामुळेही.

धूळ, मुंग्या, पाऊस

वडगाव, शहापूर, खासबागच्या ज्या घरांत किंवा शेजारात यंत्रमाग आहेत तिथे हवेत सुताची लव असते. ती फिल्टरवर गादीसारखी बसते आणि वारा तोडते. अशा घरी बाहेरून ओढून काढता येणारा, धुता येणारा फिल्टरच हवा, आणि तो दर रविवारी काढून झटकायचा. निपाणीत तंबाखूची भुकटी, चिक्कोडी-रायबागकडे हंगामात उसाच्या पाचटाची काजळी. ही बारीक असते आणि जाड जाळीतून आत जाते. तिथे बारीक नायलॉनची जाळी लावा, पंख्यांचा वेग थोडा वाढवा. एअर कंप्रेसरने साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

मागच्या कार्डाच्या पट्ट्या गायब असतील तर त्या जागा आधी बंद करा. त्यातून पाली आणि मुंग्या आत जातात. उबेला येऊन एसएमपीएसमध्ये अंडी घातलेल्या मुंग्या हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. कॅबिनेटचे पाय उंच असावेत. नसले तर पाटावर ठेवा, पण भिंतीला चिकटवून नको. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. चोवीस तास चालू असलेलं यंत्र स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. पावसाळ्यात महिना-महिना बंद ठेवलेलं यंत्र मात्र गंजतं, आणि स्वस्त कॅबिनेटच्या कापलेल्या कडांपासूनच गंज धरतो. म्हणून गावच्या घरी ठेवलेला सर्व्हर पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी काही तास चालवा.

माळ्यावर ठेवू नका, कौलांखाली दुपारी भट्टी होते. देवघराच्या शेजारीही नको. निरांजनाची काजळी आणि तेलकट धूर फिल्टरवर चिकटला की नुसत्या झटकण्याने जात नाही.

बसवताना

डिस्क लावण्याआधी प्रत्येकीच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदी पट्टीवर लिहून ती डिस्कच्या अशा टोकाला चिकटवा जे ट्रेमध्ये बसल्यावरही दिसेल. ‘चौथी डिस्क गेली’ असं सॉफ्टवेअर कधी सांगत नाही, ते नंबर सांगतं. पट्टी नसेल तर रात्री अकराला आठ डिस्क उपसून बघाव्या लागतात आणि त्या गडबडीत चांगल्या डिस्कचीच वायर निघते. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी आहे का तेही बघून घ्या. बाहेरून आणलेल्या डिस्कला पुष्कळदा ती नसते.

आधी एकाच डिस्कवर यंत्र सुरू करा, मग बाकीच्या एकेक जोडा. सगळ्या लागल्या की स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःला तपासण्याची, लांब चाचणी लावा. मोठ्या डिस्कला ती अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त घेते. घेऊ द्या. त्याच वेळात तापमानही कळतं. स्मार्टच्या यादीत क्रमांक ५, १९७ आणि १९८ च्या (खराब जागा मोजणाऱ्या) रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं तर नवी डिस्क तशीच परत करा. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, साटा वायरचा असतो. वायर बदला.

तापमान बघताना सगळ्या डिस्कची सरासरी काढू नका, सगळ्यात गरम कोणती ते बघा. बहुधा ती पिंजऱ्याच्या मधली किंवा सगळ्यात वरची निघते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सगळ्या डिस्कवर काम चालू असताना ती ४५ च्या आत राहिली तर ठीक. नाही राहिली तर तिच्या शेजारचा बे रिकामा करून पुन्हा बघा. अशा चाचणीनंतर जितक्या डिस्क आत उरतात, तो तुमच्या कॅबिनेटचा खरा आकडा. आठवरून सहा झाले तर उरलेल्या दोन डिस्क बाहेर, दुसऱ्या घरी बॅकअपला ठेवा. पॅरिटी डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेल्या फोल्डरपासून, विजेच्या लोळापासून किंवा चोरीपासून नाही. मामाच्या किंवा बहिणीच्या घरी कपाटात ठेवलेली एक प्रत, वर्षातून दोनदा, गणपतीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणं होतं तेव्हा, ताजी करून आणायची.